दौलतकाकाजींचा धुरा

दौलतकाकाजींचा टेपवर विश्वास नाही. जगात जे काही मोजायचं असतं ते ते पायानं मोजतात. चपला काढून काखेत धरायच्या, धोतर वर खोचायचं आणि टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच लावत निघायचं. मध्ये कोणी हाक मारली तर ओ देत नाहीत. आकडा चुकतो.

पुतणीच्या लग्नात त्यांनी हळदीच्या आधी मांडव मोजला आणि मांडववाल्याला धरलं. "साठ पाय सांगितला होता, हा छप्पन्न हाय. चार पाय घरी ठेवून आला का?" मांडववाल्यानं टेप काढला. काकाजी म्हणाले, "ठेव तो खिशात. टेप वढला का वाढते. पाय वाढत नाई."

मी पांढुर्ण्यात घर बांधलं तेव्हा वास्तूच्या दिवशी पंगत बसायच्या आधी त्यांनी समोरची खोली मोजून काढली. "मास्तर, तुह्या ठेकेदारानं अर्धा पाय खाल्ला." पाहुणे हसले. मीही हसलो. आठ दिवसांनी मापानं बनवून घेतलेला दिवाण आला आणि भिंतीला अडला.

तर हे आमचे शेजारी. घराचे नव्हे, शेताचे. तिगावकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे आणि त्याला लागून त्यांचा. दोन्हीच्या मध्ये एक धुरा, म्हणजे गवताची हातभर रुंद पट्टी आणि तीन दगड. आमच्या भागात धुऱ्याला धुरा लागलेला माणूस आणि आपण यांचं पटलं, तर लोक दोघांकडेही संशयानं पाहतात. त्यात काकाजींची ख्याती मोठी. बांधावरून त्यांचं आणि माझ्या बाबांचं जोरदार वाजायचं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मी त्या काळात छिंदवाड्याला हॉस्टेलात होतो. सुट्टीत आलो की कोणीतरी सांगायचंच, "तुमच्याकडं पुन्हा धुरा पेटला होता." बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "तू अभ्यास कर."

बाबा जाऊन आठ वर्षं झाली. मी सौसरला शाळेत शिकवतो आणि रविवारी शेत पाहतो. मागच्या वर्षी रानडुकरांनी इतका उच्छाद मांडला की चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालायचं ठरवलं. कुंपण घालायचं तर हद्द पक्की हवी. मी तहसिलीत सीमांकनाचा अर्ज दिला. बायको म्हणाली, "काकाजी ऐकतील का?"

"न ऐकायला काय झालं?" मी म्हणालो. "सरकारी मोजणी आहे. मशीननं होते. मशीनसमोर त्यांच्या पायाचं काय चालणार?"

मला खात्री होती. मास्तर लोकांना असते.

मोजणीच्या दिवशी पटवारी आले, सोबत एक माणूस खांबासारखं मशीन घेऊन. काकाजी सकाळपासून धुऱ्यावर उभे. मशीन इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं, पटवाऱ्यांनी नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला आणि खुंट्या ठोकायला सुरुवात केली. खुंट्या आमच्या बगीच्यात शिरत होत्या. शेवटी चुन्याची रेघ ओढली तेव्हा संत्र्याची आमची एक अख्खी ओळ, एकोणीस झाडं, रेघेच्या पलीकडे गेली होती. काकाजींच्या शेतात.

झाडांवर आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झालेली. बाबांची आवडती ओळ ती. उन्हाळ्यात दुपारी ते तिथेच खाट टाकायचे.

पटवारी म्हणाले, "काय करणार मास्तर, नकाशा हेच सांगते. अर्ज तुम्हीच दिला होता." मग काकाजींकडे वळून म्हणाले, "पेढे आणा काकाजी. जमीन वाढली तुमची."

काकाजींनी चपला काढल्या. आपल्या विहिरीच्या काठापासून निघाले आणि टाचेला अंगठा लावत जुन्या दगडापाशी येऊन थांबले. आम्ही सगळे उन्हात उभे.

"दोनशे चौदा," ते म्हणाले. "धुरा अठीच हाय. तुमचं मशीन गलत हाय."

"अहो, पण तुमचीच जमीन वाढून राहिली!"

"मले नको शिकवू. गलत म्हणजे गलत."

एवढं बोलून चपला घालून निघून गेले. पटवारी मला म्हणाले, "ऊन लागलं वाटते." मला वाटलं, मोजणीवर रुसले. मशीननं त्यांच्या पायाला खोटं पाडलं, तो राग.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो तर खुंट्या जागेवर नव्हत्या. उपटून जुन्या दगडांच्या ओळीत, सरळ रेघेत, नीट ठोकलेल्या. पटवाऱ्यांनी माणूस पाठवून त्या पुन्हा जागेवर आणल्या. दोन दिवसांनी त्या पुन्हा दगडांपाशी. आता विचार करा, खुंट्या सरकल्यानं फायदा कोणाचा? माझा. मग उपटल्या कोणी? मला तहसिलीतून नोटीस आली. सरकारी सीमाचिन्हांशी छेडछाड केली म्हणून कारवाई का करू नये, याचं उत्तर आठ दिवसांत द्या. मी सरकारी नोकर. वीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि आता हेडमास्तर माझ्याकडे चष्म्यावरून पाहू लागले.

काकाजींकडे गेलो. ते ओसरीत एकटेच भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मी नोटीस पुढे केली.

"काकाजी, हे तुम्ही केलं का?"

"हाव."

"काहून केलं पण? माझी नोकरी जाईल ना!"

त्यांनी नोटीस वाचली. घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली. "पेशी कवा हाय?"

"बुधवारी."

"येतो."

बुधवारी ते तहसिलीत आले. नायब तहसीलदार तरुण होते, इंदूरकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी माझं नाव पुकारलं आणि मी तोंड उघडायच्या आत काकाजी पुढे झाले.

"साहेब, खुंट्या मी उपटल्या. मास्तरचा काई दोष नाई. आन ही माही आपत्ती." त्यांनी मोजणीवर हरकत घेणारा दोन ओळींचा अर्ज टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो वाचला. मग फाइल पाहिली. मग बाबूला विचारलं, "बढ़ किसकी रही है?"

"इन्हीं की, सर."

"तो आपत्ति कौन लगा रहा है?"

"यही, सर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाबा, आपको ज़मीन मिल रही है। आपको तकलीफ़ क्या है?"

"जमीन माही नोहे, ते तकलीफ हाय," काकाजी म्हणाले. "ते मी देल्ली हाय. देल्लेली चीज वापस घेत असतेत का? तुमच्याकडं इंदूरले घेत असतीन, आमच्याकडं नाई घेत."

सगळी कचेरी हसली. साहेबही हसले. त्यांनी माझ्यावरची नोटीस रद्द केली, काकाजींना पुन्हा खुंट्यांना हात न लावण्याची तंबी दिली आणि सांगितलं, दोघं सहमतीचा कागद लिहून आणा, मग बघू.

मी मात्र हसलो नाही. देल्ली म्हणजे? कधी? कोणाला? बाहेर लिंबाखाली चहाच्या टपरीवर त्यांना बसवलं आणि विचारलं. त्यांनी चहा बशीत ओतला.

"तुही काकू नागपूरले दवाखान्यात होती," ते म्हणाले. "तीन महिने. भर उन्हाळा. मी तिच्याजवळ. माह्या विहिरीत थेंब नोहता. म्या त बगीचा सोडूनच देल्ला होता मनातून. वापस आलो त माहं एक झाड वाळलं नोहतं. तुह्या बापानं आपलं पाणी माह्या झाडाईले देल्लं. त्याची सोताची ओळ वाळली. कडेची."

"आणि बाबा काही बोलले नाहीत?"

"तो काय बोलते! मंग म्या धुरा सरकवला. आपल्या इकडं. म्हणलं ही पट्टी तुही, लाव नवी ओळ. त त्यानं दगड उचलून वापस होते तठी नेले. म्या पुन्हा आणले. त्यानं पुन्हा नेले. लय भांडलो आमी. गावाले वाटे, जमिनीसाठी भांडून राहिले." ते स्वतःशीच हसले. "जमिनीसाठीच होतं म्हणा."

"मग?"

"मंग म्या एक दिवस कलमा आणल्या आन त्या पट्टीत सोताच लावल्या. एकोणीस. म्हणलं, झाडं तुही हायेत, फेकायची असन त उपटून फेक. शेतकरी माणूस जितं झाड कसा उपटंन? हरला."

बाबांनी हे मला कधीच का सांगितलं नाही, ते मला तेव्हा कळलं. हरलेलं भांडण कोण सांगतं?

"आणि काकू?" मी विचारलं. मी हॉस्टेलात असताना त्या गेल्या, एवढंच मला माहीत होतं.

"आली ना घरी. दोन बहार पाह्यले तिनं." त्यांनी बशी खाली ठेवली. "चाल, उशीर होते."

सहमतीचा कागद आम्ही लिहिला, पण त्यात धुरा कुठे आहे हे लिहायचं राहूनच गेलं, कारण त्याची गरजच उरली नाही. मी कुंपणवाल्याला सांगितलं, दोन्ही शेतांना मिळून बाहेरून एकच तार घाल. रानडुकरांना हद्द कळत नाही. आम्हाला कळून तरी काय करायचं आहे?

काकाजींनी ते मान्य केलं, पण गेट कुठे ठेवायचं यावर अडले. मी म्हणालो, तुमच्या बाजूला, तुमचं वय झालं, चालणं कमी पडेल. ते म्हणाले, तुह्या बाजूनं, तुही गाडी येते. मी म्हणालो, माझी गाडी वळून येईल. ते म्हणाले, मले म्हातारा समजतं का? रविवारची संध्याकाळ होती. बायकोनं डबा दिला होता, तो तसाच पडून. आमचा आवाज इतका चढला की रस्त्यानं जाणारे दोघं सायकली थांबवून पाहू लागले. काकाजींचा चेहरा लाल झाला होता. हात हलत होते. इतक्या वर्षांत त्यांना एवढं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

अंधारू लागलं तसा मी डबा उघडला. भाकर, वांग्याची भाजी. निम्मी त्यांच्या पुढे ठेवली. ते जेवले. हात धुतले, आणि मी गाडीला किक मारली तसे जवळ आले.

"पुढच्या रविवारी येशीन ना?" त्यांनी हळूच विचारलं. "भांडण अर्धं राह्यलं."