निळा पट्टा, पिवळा पट्टा

महाकाय कासवांच्या सांताक्रूझ बेटावर आपल्या नजरेतून मुंगीसुद्धा निसटत नाही, असं ओल्मेदो छाती पुढे काढून सांगायचा. आणि त्याच्याच शेतावरून घंगाळाएवढाली कासवं एकेक करून बेपत्ता होत होती.

कासवं पाहायला बोटीवरचे पाहुणे शेतावर यायचे आणि त्यावरच घर चालायचं. कासवं नाहीत तर पाहुणे नाहीत. ओल्मेदोच्या मनात पाल चुकचुकली. पालीचं नाव विल्मर.

विल्मर हा शेजारी. ओल्मेदोच्या मुलीच्या बाप्तिस्म्यातला धर्मपिताही तोच, त्यामुळे दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत आणि मनात वेगळंच काहीतरी म्हणत. विल्मरच्या शेतावरही पाहुणे यायचे.

"अहो, पाऊस सुरू झालाय," बायको झोइला कॉफी गाळत म्हणाली. "खाली समुद्राकडे कोवळं गवत फुटलंय. कासवं तिकडे उतरतात. दरवर्षीचंच आहे हे."

"दरवर्षी इतक्या लवकर उतरतात? तो त्यांना फळं दाखवून फितवतोय."

"कासवांना?"

"तू त्याला ओळखत नाहीस."

पुरावा हवा होता. धुकं दाटलेलं पाहून ओल्मेदोने फाटकाचा उरलेला निळा रंग काढला आणि हाती लागेल त्या कासवाच्या पाठीवर पट्टा ओढत सुटला. कासवाला हात लावायलाही बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानाची, म्हणजे पार्कची, मनाई आहे, हे त्याला पाठ होतं. पण चोर पकडायचा तर थोडी चोरी चालते, असं त्याने स्वतःला समजावलं. कासवाने हलू नये म्हणून प्रत्येकाला एक पेरू चारला.

दोन दिवसांनी पार्कची राखणदार हादिरा फाटकात उभी. मागे विल्मर, चेहरा साळसूद. दोन्ही शेतांच्या मधल्या वाटेवर एक थोराड कासव गवत चघळत होतं. पाठीवर निळा पट्टा होता आणि त्याला छेदून एक पिवळा.

ओल्मेदोने विल्मरच्या पिवळ्या फाटकाकडे पाहिलं. विल्मरने ओल्मेदोच्या निळ्या फाटकाकडे पाहिलं. म्हणजे हाही लेकाचा माझ्यावर संशय घेत होता! ओल्मेदोला भयंकर अपमान वाटला.

"कुणाचं हे कासव?" हादिराने विचारलं. "ज्याचं असेल त्याचा पाहुणे आणायचा परवाना आजच रद्द."

"माझं नाही," ओल्मेदो म्हणाला. "या कोंपाद्रेंच्या फळांवर वाढलंय ते."

"छे हो, मी तर याला आयुष्यात पाहिलं नाही," विल्मर म्हणाला.

कासवाने मान लांब केली आणि ते निघालं. ते कुणाकडे जातंय हे कळेपर्यंत कुणाला घाम पुसायचीही हिंमत झाली नाही. ओल्मेदोपाशी येऊन त्याने पेरू असलेल्या खिशाला तोंड लावलं. विल्मर खो खो हसला. पेरू संपवून कासव त्याच्याकडे वळलं आणि त्याच्या पिशवीत डोकं घालून उभं राहिलं.

"ओळख दोघांचीही दिसते," हादिरा म्हणाली. तिने दोघांच्या हातात एकेक ब्रश दिला. "पाहुण्यांच्या पुढच्या बोटीआधी रंग निघाला तर परवाने राहतील. एकाही पाठीवर डाग दिसला तर दोन्ही फाटकं बंद."

कासव थांबायला तयार नव्हतं. ते उतारावर चालत राहिलं आणि मागून हे दोघे वाकून घासत राहिले. ओल्मेदोची कंबर धरली. झोइला ओसरीतून पाहून कॉफी गाळायला आत गेली, हे त्याला जास्त लागलं.

झाडी संपून मोकळं गवत लागलं तशी हादिरा थांबली. गवतभर कासवं चरत होती. ओल्मेदोची चोरीला गेलेली सगळी, विल्मरची चोरीला गेलेली सगळी. मागाहून उतरलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर निळा पट्टा होता आणि त्यावर पिवळा.

ओल्मेदोने सगळ्या पाठी मोजल्या. मग मोठ्या मनाने म्हणाला, "मी उगीच भांडत होतो, कोंपाद्रे. ही सगळी तुझीच."

"असं कसं, कोंपाद्रे," विल्मर ब्रश त्याच्याकडे सरकवत म्हणाला. "पहिला पट्टा तुझा आहे."