अकरा सेकंदांची झोळी

मोताळ्याच्या रस्त्यावर किसनरावांचा फवारणी पंपांचा कारखाना आहे. त्यात जर्मन कंपनीचा पैसा आला, असं पेपरात छापून आलं. कामगारांना पैसा काही दिसला नाही. त्यांना दिसल्या लाल चिठ्ठ्या.

कार्यक्षमता वाढवायला पुण्याहून शंतनु नावाचा इंजिनिअर आला होता. गळ्यात स्टॉपवॉच, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. जी वस्तू उत्पादनात भाग घेत नाही तिला चिठ्ठी, आणि चिठ्ठीची वस्तू शुक्रवारी बाहेर. मोडकं कपाट गेलं, माठ गेला. मग मालकाच्या बुडाखालच्या गादीचा नंबर लागला.

"अबे, माह्या गादीले काऊन चिठ्ठी?" किसनराव कडाडले.

"सर, उत्पादनात तिचा सहभाग शून्य आहे."

"माहा तरी कोणता हाये? मंग मलेबी लाव!"

शंतनु विचारात पडला. ते पाहून किसनराव घाईघाईनं गादीवरून उठले.

बुधवारी चिठ्ठी लागली ती पॅकिंगच्या रेवतीच्या झोळीला. जुन्या लुगड्याची झोळी, टेबलाशेजारी टांगलेली, आत दहा महिन्यांची आरोही. रेवती दर दोन मिनिटांनी हातातलं काम टाकून लेकीचा श्वास चालू आहे ना, ते बघून यायची. सासूबाई पिंपळगाव राजाला गुडघे धरून बसलेल्या, जवळपास पाळणाघर नाही. झोळी गेली की नोकरी गेली, एवढा हिशेब कळायला बी.कॉम. व्हायची गरज नव्हती.

"रडतं काऊन वं?" शेजारच्या टेबलावरच्या बनाबाई म्हणाल्या. "झोळी कामात भाग घेत नाही म्हनते ना थो? मंग देऊ तिले भाग." त्यांनी झोळीची दोरी रेवतीच्या पायाच्या अंगठ्याला बांधली. "घे. आता हे मशीन झालं."

दुसऱ्याच दिवशी कंपनीचे एक जर्मन पाहुणे आले. शंतनु त्यांच्यासमोर एकेकीचा वेळ मोजू लागला. बनाबाई, एका खोक्याला चौदा सेकंद. पलीकडची करिष्मा आधी नऊ, मग बोलता बोलता बावीस. रेवतीचे मात्र झोक्यासोबत पाय हलत होते आणि पायासोबत हात. नोझल आत, पट्टा आत, झाकण बंद. दोरीला ओढ लागली की लेक जागेवर आहे हे कळायचं, उठून बघायला नको. अकरा. अकरा. पुन्हा अकरा.

पाहुण्यांनी वाकून दोरी पाहिली आणि हे काय, म्हणून विचारलं. शंतनु घाईनं पुढे आला. "लय राखायची यंत्रणा आहे," तो इंग्रजीत म्हणाला, "स्थानिक."

पाहुणे दोरीच्या मागानं गेले आणि झोळीत डोकावले. आरोहीनं डोळे उघडले, त्यांचा टाय मुठीत धरला आणि काही केल्या सोडेना.

"झालं," रेवती पुटपुटली.

पाहुण्यांनी कसाबसा टाय सोडवला आणि वहीत दोन पानं भरून लिहिलं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला, तोवर झोळी चिठ्ठीसकट तशीच टांगलेली होती. शंतनुनं सगळ्यांसमोर वाचला, "झोळीमुळे वेळ वाचतो. ती कायम ठेवावी. पॅकिंगच्या सहाही टेबलांना बसवावी." रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मात्र सुरक्षेच्या नियमांनुसार आतलं मूल काढून तेवढ्याच वजनाचं दुसरं काही ठेवावं."

"म्हंजे झोळी पायजे आन् लेकरू नाही पायजे?" बनाबाईंनी विचारलं.

"मूल उत्पादनात भाग घेत नाही," शंतनु म्हणाला. पण खाली बघून.

सहा झोळ्या लागल्या. प्रत्येकीत साडेआठ किलो सोयाबीन. सोमवारपासून सहा बायका गंभीर चेहऱ्यानं सोयाबीनला झोके देऊ लागल्या. आपल्याच झोक्यानं बनाबाईंना डुलकी लागली. रेवतीनं आरोहीला शेजारणीकडे ठेवलं होतं, त्यामुळे दोरी ओढली तरी जिवाला ओढ तिकडची. "सुचिताताई, उठली का हो? खाल्लं का तिनं?" फोन कानाला, आणि एका खोक्यात दोन नोझल, दुसऱ्यात एकही नाही. वेळ सव्वीस सेकंद. आणि महिनाअखेरीचे आकडे जर्मनीला जायचे होते.

चौथ्या दिवशी शंतनु तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला. "ताई, तिला उद्यापासून घेऊन या. माझ्या केबिनमध्ये बसवू. तिथं मशीन नाही, नियम लागत नाही."

"रडली तर, सर?"

"मी आहे ना. तसंही तिथं उत्पादन असं काही होत नाही."

केबिनला काच होती. टेबलावर बसलेली आरोही रेवतीला जागेवरून दिसायची. तिला दात येत होते, म्हणून शंतनुनं गळ्यातलं स्टॉपवॉच काढून तिच्या हातात दिलं. दुपारी तो ते घेऊन मोजायला निघाला. रेवती, अकरा. करिष्मा, अकरा. जाग्या बनाबाई अकरा, डुलकी घेणाऱ्या बनाबाईही अकरा. किसनरावांचा चहा, बशीत ओतून फुंकण्यासकट, अकरा.

शंतनुनं स्टॉपवॉच हलवून पाहिलं. काचेच्या आत लाळेचा थेंब होता. त्यानं केबिनकडे पाहिलं, महिनाअखेरीकडे पाहिलं आणि सगळीकडे अकरा लिहिलं.

जर्मनीहून अभिनंदनाचं पत्र आलं. इतकी एकसारखी कार्यक्षमता त्यांनी कुठल्याच देशात पाहिली नव्हती. भेट म्हणून सोबत नवंकोरं स्टॉपवॉच होतं. शंतनुनं ते खोक्यातून काढलं, रुमालानं पुसलं आणि आरोहीपुढे धरलं.

काचेपलीकडून हे पाहून रेवती हातातला पंप टाकून धावत आली.

"सर, थांबा! असं नका देऊ!"

शंतनुचा हात अडखळला.

"आधी गरम पाण्यानं धुऊन द्या," ती म्हणाली.