आबाजीचं नवं कार्ड

पडद्यावरचे उष्णतेचे आकडे एकदम गेले, तेव्हा सुधाकरने चपला काढल्या आणि कंपुटरपुढे हात जोडले.

"चुकलं आबाजी," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पाया मंग पडजो. आधी माहे अंडे वाचव."

रिठदच्या रस्त्यावर माझं अंडी उबवायचं केंद्र आहे. त्या दिवशी यंत्रातली अंडी सतराव्या दिवसाची होती, आतली पिल्लं हलायला लागलेली. यंत्राला ऊब कमीजास्त करायचा हुकूम आबाजी देतो. आबाजी माणूस नाही, आमचा जुना कंपुटर. तो जळाला तेव्हा शेजारच्या सुधाकरने त्याच्या आतलं सगळं काढून नव्या कंपुटरच्या पोटात बसवलं. आपण जुन्याच डब्यात आहोत असं समजून आबाजी तिथे चालतो. यंत्राशी बोलायला त्याला नेटवर्क कार्ड लागतं. तेही खरं नाही. नवा कंपुटर जुन्या कार्डाचं सोंग घेतो, कारण आबाजीकडे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवायचा प्रोग्रॅम, त्या एकाच कार्डाचा आहे. मी चौथी शिकले, पण हे मला पाठ आहे. सुधाकरने शंभरदा सांगितलंय.

तो रोज सकाळी येतो, "आबाजी, बरं हाये ना?" विचारतो, बटन दाबतो आणि पाच मिनिटं भिंतीकडे पाहत बसतो. म्हाताऱ्याला घाई करू नये म्हणतो.

"केलं काय तू?" मी विचारलं.

"पोळा हाये, मावशी. बैलाले नवी वेसण भेटते. आबाजी वर्षभर राबते, त्याले काय? म्हून नवं कार्ड देलं. लय फास्ट हाये."

"मंग?"

"त्याची वळखच नाही त्याले."

"शिकव."

"या वयात? तुमाले मोबाईल शिकवून थकलो मी."

मी यंत्र उघडलं. ऊब कळावी म्हणून एक अंडं काढून पापणीला लावलं. गरम लागलं, हाताने हीटर बंद केला. मग गार लागलं, चालू केला. दुपारभर हेच. पापणी सोलून निघाली.

तिकडे सुधाकरने जुनं कार्ड परत लावलं. आबाजीने ओळखलं, पण यंत्र ऐकेना. प्रत्येक कार्डाला नंबर असतो, आणि यंत्र जुन्याच नंबरचं ऐकतं. हे कार्ड नवा नंबर घेऊन आलं होतं.

तो घरी पळाला आणि फोन नंबरांची एक डायरी घेऊन आला. त्याच्या बायकोची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तो पानं उलटत होता, मी पाहत होते. नावांवर रेघा मारलेल्या होत्या. कोणी मेलेले, कोणी पुण्याला गेलेले, कोणी बोलणं सोडलेले. 'आ'च्या पानावर एकच नाव न खोडलेलं होतं. आबाजी. पुढे जुन्या कार्डाचा नंबर, तिच्या अक्षरात.

त्याने एकेक आकडा बोट ठेवून टाकला. पडद्यावर उष्णता दिसू लागली. तो डायरी मिटेना.

"उद्यापासून जेवायले इकडंच ये," मी म्हटलं. "एकट्यासाठी कायले रांधतं?"

"आबाजीसाठी येतोच ना, मावशी."

"आता पोटासाठी ये."

चार दिवसांनी अंडी फुटली. वरचे दोन ट्रे गेले. बाकीची पिल्लं जगली.