परबकाकांचा सुरक्षा प्रश्न

परबकाकांकडे विरजण मागायला गेलं तरी दार उघडण्याआधी परीक्षा असते. "आमच्या गावच्या बोक्याचा नाव काय?" आतून आवाज येतो. मी समोरच्याच दारात राहते, आणि काकांनी दाराच्या भोकातून मला नीट पाहिलेलंही असतं. पण विचारलं तर म्हणतात, "चेहऱ्याचा काय सांगतस? हल्ली चेहरे पण बनवतत." मग मी मुकाट्याने "सरपंच" म्हणते आणि दार उघडतं. हे उत्तर आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये कचरेवाल्यालासुद्धा पाठ आहे, पण ते काकांना कोण सांगणार?

"ह्या खरा कशावरून?" हा त्यांचा लाडका सवाल. बँकेचा मेसेज असो की सोसायटीची नोटीस, कशाचीच सुटका नाही. माझ्या मुलाच्या बारावीचा पेढाही त्यांनी आधी हुंगला होता.

अशा माणसाच्या नातीची, तन्वीची, सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणाला निवड झाली. तिचे आईवडील मालवणला. ती आबांजवळ, म्हणजे परबकाकांजवळ, राहून कॉलेज करत होती. पालिकेच्या मराठी शाळांतून आलेल्या मुलींना या क्षेत्रात कोणी उभं करत नाही, म्हणून एक संस्था त्यांना फुकट शिकवते आणि मग अंधेरीच्या एका कंपनीत सहा महिने पगारी काम देते. शुक्रवारपर्यंत घरच्यांचा, म्हणजे इथे काकांचाच, होकार हवा होता. नाहीतर जागा दुसरीला.

"शिकवतत फुकट आणि वर पगार? ह्यात कायतरी गोम आसा," काका म्हणाले. संस्थेच्या बाईंचा फोन आला तर त्यांनाही बोक्याचं नाव विचारलं. त्या बिचाऱ्या गडबडल्या. काकांनी फोन कापला.

तन्वी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "मावशी, वाट लागली गं माझी. असा चान्स परत नाही ना मिळणार." मला काकांचा असा राग आला म्हणता!

गुरुवारी "खरं-खोटं तुम्हीच बघा" म्हणत मी त्यांना रिक्षात घालून अंधेरीला नेलं. कंपनीच्या गेटवर वॉचमनने ओळखपत्र मागितलं.

"तू कोण मागणारो? आधी तुझा दाखव."

त्याने दाखवलं. काका तरी आपलं दाखवेनात आणि तो आत सोडेना. "अहो, म्हातारे आहेत," मी विनवलं. तो ढिम्म. वर फोन करून त्याने आमची चौकशी केली आणि कोणी खाली येईपर्यंत आम्हाला उन्हात उभं केलं. मी धुमसत होते. काकांचा चेहरा मात्र हळूहळू खुलत गेला.

"गो, ह्या माणसाचो कोणावर विश्वास नाय," ते कौतुकाने म्हणाले. "कंपनी खरी आसा."

त्याच संध्याकाळी त्यांनी होकार कळवला.

प्रशिक्षण संपलं. काम पाळ्यांचं, म्हणून तन्वी अंधेरीला हॉस्टेलवर राहायला गेली. परवा विरजणाला गेले, तर काकांचं दार नुसतं लोटलेलं. मला चमत्कारिकच वाटलं. आत काका फोनवर होते, स्पीकर लावून.

"बोक्याचा नाव?"

"सरपंच, आबा."

"चूक."

"चूक कसं? तोच ना, शेपूट तुटलेला, माझ्या ताटातला बांगडा पळवणारा?" तन्वी हसत हसत सांगू लागली. आजी त्याच्यामागे कशी धावली, तो माडावर कसा चढला. काका डोळे मिटून ऐकत होते.

"अहो काका, बरोबर आहे की उत्तर," मी कुजबुजले.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "म्हायत आसा गो. मी बरोबर म्हटलंय की लगेच फोन ठेवता ती."

काकांनी फोन पुन्हा तोंडाजवळ धरला आणि आवाज कडक केला.

"हां, आता दुसरो प्रश्न. जेवलंस काय?"