यादवरावांच्या ओळीतला चौथा शब्द

नांदगव्हाणातली माणसं सकाळी संगणकासारखी, लिनक्स या प्रणालीवर सुरू होतात, आणि कोणी कसं सुरू व्हायचं ते नगरपालिकेच्या फाइलीत एका ओळीत लिहिलेलं असतं. यादवराव बोरकुट्यांच्या ओळीत चारच शब्द होते: शांत, चष्मा, बिनसाखर, चित्रा. ‘शांत’ असल्यामुळे ते कण्हत-कुरकुरत उठत नसत.

चित्रा त्यांची मुलगी. आषाढात तापाने गेली. ओळ मात्र कोणी बदलली नाही. त्यामुळे यादवराव उठले की आधी हाक मारायचे, "चित्रा, ऊठ गं, कॉलेजला उशीर होईल." मग त्यांच्या बायकोने, सरोजबाईंनी, त्यांना सांगायचं. सांगितलेलं दिवसभर टिकायचं, सकाळी पुन्हा तीच ओळ चालायची, आणि यादवराव पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. तीन महिन्यांत सरोजबाईंचा जीव मेटाकुटीला आला.

शेवटी त्या कार्यालयात जाऊन चौथ्या शब्दावर काट मारून आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक. त्या परत कार्यालयात गेल्या.

"काकू, नुसती फाइल बदलून काय होतंय?" कारकून ठोंबरे म्हणाला. "अपडेट चालवायला नको? सगळे इथेच चुकतात." त्याने कमांड दिली, शिक्का मारला. "जुनी ओळ पुसली नाहीये हं, यादीत खाली ठेवलीय. माणूस उठताना पाच सेकंद कपाळावर यादी दिसते. हात लावला नाहीत तर नवीच लागेल."

"कशाला लावतेय हात," सरोजबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी यादवराव उठले, चष्मा लावला, बिनसाखरेचा चहा प्यायले. घरात रडणं नाही. सरोजबाईंना हायसं वाटलं. मग ते भिंतीवरच्या फोटोसमोर थांबले.

"अगं, ही मुलगी कोण? गोड आहे."

"होती आपल्या ओळखीतली," सरोजबाई कशाबशा म्हणाल्या आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडल्या. चित्रासाठी रडणारं आता घरात एकच माणूस उरलं होतं, आणि ते एकटेपण त्यांना सोसेना.

तिसऱ्या दिवशी त्या सकाळीच नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसल्या. कपाळावर यादी उमटली. पाच, चार, तीन. सरोजबाईंनी बोटाने खालची ओळ दाबली.

"चित्रा, ऊठ गं," यादवराव म्हणाले, "कॉलेजला उशीर होईल."

सरोजबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा बसा. एक सांगायचंय."