दत्तूभाऊंचे सत्त्याण्णव टक्के

दत्तूभाऊंनी रेंडर लावलं, की आमच्या गाळ्यांपुढून चपला फटफटवत जायची कुणाची टाप नव्हती. खोटं नाही सांगत. "हळू चाला! शिजतंय!" असा आतून आवाज यायचा.

नाशिक रोडला त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आणि माझं पिको-फॉलचं. मध्ये प्लायवूडची भिंत, आणि मीटर दोघांत एक, हे माझं नशीब. कॅसेटमधलं लग्न कॉम्प्युटरवर घ्यायचं, कापायचं, जोडायचं, गाणी घालायची, इथवर ठीक. पण त्या सगळ्याची एक अख्खी फिल्म करायला कॉम्प्युटर पाच-पाच तास घ्यायचा. ते रेंडर. मधे लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ते लागलं की माझी इस्त्री बंद.

"वहिनी, बासष्ट टक्के!" भिंतीवर टकटक. जसे काही माझ्याच पोराचे मार्क सांगताहेत! टेबलफॅन कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याला, घाम ह्यांना. शंभर झाल्याशिवाय जेवणाचा डबा सोडायचे नाहीत. गिऱ्हाइकानं सीडी कधी मिळेल विचारलं, तर म्हणायचे, "शिजतंय. मधेच झाकण उघडू नये."

कामाला मात्र कडक. कॅमेरा जरा हलला की तो शॉट गेला, मग त्यात नवरदेवाची सख्खी आत्या का असेना. "हात हलला म्हणजे माणूस कच्चा," एवढंच म्हणायचे.

लोकांच्या सीड्या पंधरा दिवसांत द्यायचे, पण स्वतःच्या पोरीची दोन वर्षं झाली तरी होईना. रूपा एकुलती एक, आई ती लहान असतानाच गेलेली. तिच्या लग्नाचं शूटिंग दुसऱ्याला द्यायचं ह्यांच्या जिवावर आलं. मी म्हटलं, "अहो, बाप आहात, मांडवात बसा." छे! कन्यादानाला जोडपं लागतं, ते भावाने आणि भावजयीने केलं. हे आपले कॅमेऱ्यामागे.

रूपा इगतपुरीला दिलेली. माहेरी आली की पहिला प्रश्न, "बाबा, माझी सीडी?" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "शिजतंय." मी एकदा तोंडावर बोलले, "पोरीला का तरसवता हो?" तर टेबलफॅनचं तोंड कॉम्प्युटरकडे वळवत बसले.

मग जावयाची बदली झाली, पार बिलासपूरला. रविवारची गाडी. शनिवारी सकाळी सातला भाऊंनी तिचं रेंडर लावलं. दुपारपर्यंत सत्त्याण्णव टक्के झाले, आणि मी काय करावं? दारात घाईचं गिऱ्हाईक, सवयीने इस्त्रीचं बटण दाबलं. फ्यूज उडाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत पलीकडे गेले. रूपा नुकतीच आलेली, बॅग हातातच. आता भाऊ माझा उद्धार करणार, असं वाटलं. ते फ्यूज घालत म्हणाले, "बरं झालं, वहिनी. एक शॉट काढायचाच होता."

प्रोजेक्ट उघडायला वीस मिनिटं गेली. मग पडद्यावर पाठवणी आली. रूपा गाडीत बसता बसता सरळ कॅमेऱ्याकडे बघते, आणि चित्र हलायला लागतं. हलतं, घसरतं, शेवटी नुसता रस्ता आणि कुणाच्या तरी चपला.

"दोन वर्षं हाच सुधारतोय. सुधरत नाही," भाऊ म्हणाले. "काढून टाकतो."

रूपाने त्यांचं मनगट धरलं. "बाबा, तीन तासांच्या लग्नात तुम्ही कुठेच नाही. एवढ्यातच आहात. राहू द्या ना."

"हात हलला होता गं."

"माहितीये."

माझे डोळे भरून आले, म्हणून मी तिथून निघाले.

पुन्हा रेंडर लागलं. मी इस्त्रीची पिनच काढून ठेवली. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजून गेले. भिंतीवर टकटक नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेवटी मीच भिंत वाजवली, "भाऊ, किती टक्के?"

उत्तर रूपाने दिलं, हळू आवाजात. "काकू, शंभर कधीच झाले. पण बाबा म्हणतात, अजून शिजतंय, बस थोडा वेळ."