पाणी फौजदाराच्या हनुवटीला

तलावात पाणी किती, असं मौलाचाचांना विचारलं की ते फुटांत सांगत नसत, माणसांत सांगत. "आज वकील बुडतोय बगा. फौजदार हाय की अजून वर."

सोलापूरच्या वेशीबाहेरच्या तलावावर त्यांची एकुलती एक होडी होती आणि होडीत एक लांब बांबू. त्यावर रंगीबेरंगी चिंध्या. नवा माणूस पोराबाळांना घेऊन आला की चाचा त्याला बांबूला पाठ लावून ताठ उभं करत आणि हनुवटीशी चिंधी आवळत. झालं, तो माणूस तलावाचं माप होऊन बसे. आमच्या वकिलांपुढे कोर्टात भलेभले गप्प होत. पण आपण बुडालो हे भर बाजारात ऐकलं की ते लालबुंद होत. माझी चिंधी सर्वांत खाली. त्यात लाजायचं काय? शाळेत फळ्यावरची पहिली ओळ मी स्टुलावर चढूनच लिहीत असे.

त्या वर्षी माझी कुसुम विषमज्वरातून उठली. सहा वर्षांची पोर, हातापायांच्या नुसत्या काड्या. तापातही तिचं एकच, "होडीत बसायचं." बरी झालीस की नेईन, असं मी कबूल केलं होतं. नेलं. चाचांनी मधल्या खोलात जाऊन बांबू बुडवला आणि परत येऊन मान हलवली.

"नक्को मास्तर. तुमी लई बुडताय."

"अहो, मघाशी फौजदारांचा पोरगा बसला की!"

"बसंल की. त्याचा बाप उंच हाय."

मी भडकलोच. फौजदाराला एक न्याय आणि गरीब मास्तराला दुसरा! चाचांनी बांबू होडीत आडवा ठेवला. पुढे दर रविवारी आम्ही जायचो, चाचा बांबू बुडवायचे आणि कुसुम तोंड पाडून घरी यायची. तलाव आटावा म्हणून देवाला साकडं घालणारा अख्ख्या सोलापुरात मी एकटाच असेन.

उन्हाळ्याच्या तोंडाला एकदाची हाक आली. "या मास्तर! पोरीला आना. तुमी बी बसा, बापाबिगर मी न्हाय नेत."

मधोमध गेल्यावर कुसुमला पाणकोंबडी दिसली. पोर उठली, तिला धरायला मी उठलो आणि होडी उलटली. मला पोहता येत नाही. नाकातोंडात पाणी, हातात कुसुमचा दंड.

"पाय टेका मास्तर! उबे ऱ्हावा!" चाचा ओरडत होते.

टेकले. पाणी हनुवटीला लागलं. कुसुमला मी खांद्यावर घेतलं. ठसकत ठसकत पोर चक्क हसत होती!

काठावर चाचा आपल्या रुमालानं तिचं डोकं पुसू लागले. माझी पोर त्यांच्यामुळे जिवंत होती. मला रडू आवरेना. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी वरच्यावर धरलं.

"चाचा, हे माप तुम्हाला शिकवलं कुणी?"

"आब्बानं," ते म्हणाले. "मी हिच्याएवढा हुतो. होडी हितंच उलटली. आब्बानं दोनी हातांनी मला वर धरलं. मानसं येऊस्तोवर धरलं. मला काडलं, आब्बा खालीच गेले." त्यांनी रुमाल पिळला. "लोक म्हनतात, बाप बुटका हुता म्हनून बुडाला. न्हाय ओ मास्तर. बाप पुरेसा हुता. पानीच जास्त हुतं."